औषध निघाले, पण रुग्णाच्या हाती कसे पडते? : हिपॅटायटिस सी आणि विशेष औषधालये

एखाद्या जुनाट आणि जीवघेण्या रोगावर, तो काही आठवड्यांत समूळ नाहीसा करणारे औषध हाती यावे, असे प्रसंग वैद्यकशास्त्राच्या इतिहासात थोडेच येतात. हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगाबाबत हा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे. दिवसाला एक ते तीन गोळ्या, आठ ते बारा आठवडे, आणि शंभरातील पंच्याण्णवच्या आसपास रुग्ण बरे! असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे पाच कोटी लोकांच्या शरीरात हा रोग ठाण मांडून होता आणि त्या एका वर्षात सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसे त्याने दगावली.

औषध असताना माणसे का मरतात, हा प्रश्न कोणत्याही विचारी माणसाला पडावा असाच आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही. औषधाचा कारखाना आणि रुग्णाची ओंजळ यांच्यामध्ये जो रस्ता आहे, त्या रस्त्यात ते आहे. अमेरिकेत हा रस्ता फार खडतर आहे आणि त्यावरून रुग्णाला हात धरून नेण्याचे काम तेथे ‘स्पेशालिटी फार्मसी’ म्हणजे विशेष औषधालये करतात. ही औषधालये काय करतात, ती का निर्माण झाली, त्यांचे गुण कोणते, दोष कोणते आणि आपण त्यांच्यापासून काय घ्यावे, हे या लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

रोगाची ओळख

कावीळ हा शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु कावीळ हे लक्षण आहे. त्यामागील कारणे अनेक आहेत. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेक वेळा येते आणि जाते. हिपॅटायटिस सी चा मार्ग वेगळा आहे. तो रक्तातून पसरतो. न तपासलेले रक्त, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया व सिरिंज, नीट निर्जंतुक न केलेली डायलिसिसची, दातांची वा गोंदणाची साधने, आणि मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्यांमध्ये एकच सुई वापरण्याची सवय ही त्याच्या प्रसाराची प्रमुख कारणे आहेत. बाधित मातेकडून काही बालकांनाही तो होतो. एकत्र जेवल्याने, हस्तांदोलनाने, एकाच भांड्यातून पाणी प्याल्याने तो होत नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. कारण रोगापेक्षा रोगाची भीती अधिक वेगाने पसरते आणि त्या भीतीपोटी रुग्णाला वेगळे ताट-वाटी दिली जाते.

१९७० च्या दशकात हार्वे ऑल्टर या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले, की रक्त घेतलेल्या अनेक रुग्णांना होणारी कावीळ ए किंवा बी प्रकारची नसते. १९८९ साली मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नवा विषाणू ओळखला. चार्ल्स राइस यांनी हाच विषाणू एकट्याने हा रोग निर्माण करतो हे सिद्ध केले. या तिघांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू ओळखल्यामुळे रक्ताची तपासणी शक्य झाली. अमेरिकेत १९९० ते १९९२ या काळात रक्तपेढ्यांमध्ये ती सर्वत्र सुरू झाली. आपल्याकडे ती सक्तीची होण्यास त्यानंतर सुमारे दहा वर्षे लागली.

या रोगाची खोड अशी, की तो बोलत नाही. लागण झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांत तो घर करून बसतो. वीस वीस वर्षे माणूस कामधंदा करतो, संसार करतो. आणि आतमध्ये यकृत हळूहळू कठीण होत जाते. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे, यकृताचा कर्करोग होणे या पुढच्या पायऱ्या आहेत. पुष्कळदा रोगाचा पत्ता तेव्हाच लागतो.

इंजेक्शनापासून गोळीपर्यंत

१९९० च्या दशकात या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने दिली जात. पुढे त्यांच्या जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या आल्या. सहा महिने ते एक वर्ष चालणारा हा उपचार रुग्णाला पिळून काढी. ताप, अशक्तपणा, रक्तक्षय, मनाची खिन्नता यांमुळे अनेक जण तो अर्धवट सोडून देत. एवढे सोसूनही रोगाच्या प्रकारानुसार सुमारे निम्मे रुग्णच बरे होत.

६ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सोफोस्बुव्हिर या गोळीला मान्यता दिली आणि चित्र पालटले. विषाणूला आपल्या प्रती काढण्यासाठी जे विकर लागते, त्यावरच ही गोळी घाव घालते. तिच्या जोडीला लेडिपास्विर, डाक्लाटास्विर, वेल्पाटास्विर अशी औषधे आली. २०१७ मध्ये ग्लेकाप्रेव्हिर व पिब्रेंटास्विर यांची संयुक्त गोळी आली आणि अनेक रुग्णांचा उपचार आठ आठवड्यांवर आला.

परंतु या औषधांबरोबर त्यांची किंमतही आली. गिलियड कंपनीने अमेरिकेत सोफोस्बुव्हिरच्या एका गोळीची किंमत एक हजार डॉलर ठेवली. बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी दिवस, म्हणजे चौऱ्याऐंशी हजार डॉलर! त्या वेळच्या दराने ही रक्कम पन्नास लाख रुपयांहून अधिक होते. हे औषध मोठ्या प्रमाणावर बनवले तर बारा आठवड्यांच्या औषधाचा निर्मितीखर्च दीडशे डॉलरच्या आत बसेल, असा अंदाज संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला होता. अमेरिकेच्या सिनेटच्या अर्थ समितीने या किमतीची दीर्घ चौकशी करून डिसेंबर २०१५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णांची सोय दुय्यम मानून जास्तीत जास्त उत्पन्न डोळ्यांसमोर ठेवूनच ही किंमत ठरवली गेली, असा त्याचा निष्कर्ष होता.

दार बंद कसे झाले

अमेरिकेत औषधाचा खर्च बहुतांशी विमा उचलतो. नोकरदारांचा विमा खासगी कंपन्यांकडे असतो. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी व काही अपंगांसाठी मेडिकेअर ही शासकीय योजना आहे. तर गरिबांसाठी केंद्र व राज्य शासने मिळून मेडिकेड चालवतात. औषधाची किंमत पाहून या सर्वांनी हात आखडता घेतला. कित्येक राज्यांच्या मेडिकेडने अटी घातल्या : यकृत बरेच खराब झालेले असले तरच औषध मिळेल, रुग्णाने काही महिने दारू व मादक द्रव्ये सोडल्याचा पुरावा द्यावा, आणि चिठ्ठी यकृततज्ज्ञानेच लिहिलेली असावी.

या अटींचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. रोग लवकर सापडला, यकृत अजून शाबूत आहे, अशा माणसाला सांगितले जाई की तुम्ही अजून पुरेसे आजारी नाही. आग चुलीपाशी आहे तोवर पाणी नाही. आढ्याला लागली की या, असाच हा न्याय झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या संबंधित खात्याने राज्यांना पत्र पाठवून अशा अटी कायद्याशी विसंगत ठरू शकतात अशी समज दिली. न्यायालयांतही दावे झाले. पुढील वर्षांत किमती उतरल्या, बहुतेक राज्यांनी यकृत खराब होण्याची अट काढली, आणि अनेक राज्यांनी तर पूर्वमंजुरीची अटच रद्द केली. तरीही मार्ग पूर्ण मोकळा झालेला नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये दाखवून दिले, की विमा असलेल्या रुग्णांपैकीही एक तृतीयांशापेक्षा कमी जणांना निदानानंतर वर्षाच्या आत औषध सुरू झाले होते.

विशेष औषधालय म्हणजे काय

आपल्या नाक्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये आपण चिठ्ठी देतो, पैसे देतो आणि गोळ्या घेऊन घरी येतो. पाच मिनिटांचे काम. परंतु ज्या औषधाची किंमत हजारो डॉलर आहे, ज्याच्या आधी अनेक तपासण्या व्हाव्या लागतात, जे घेताना रुग्णावर लक्ष ठेवावे लागते, असे औषध नाक्यावरचा दुकानदार सहसा ठेवत नाही. आणि ठेवले तरी त्याच्यामागची कागदपत्रे सांभाळणे त्याला झेपत नाही. कर्करोग, हिमोफिलिया, संधिवात, एचआयव्ही, अवयवरोपण अशा रोगांच्या औषधांसाठी म्हणून अमेरिकेत वेगळी औषधालये उभी राहिली. काही मोठ्या रुग्णालयांची स्वतःची आहेत, काही स्वतंत्र आहेत, तर सर्वांत मोठी औषधालये विमा उद्योगाशी जोडलेल्या कंपन्यांची आहेत. तेथे फार्मासिस्टबरोबर परिचारिका, विम्याची कागदपत्रे पाहणारे कर्मचारी आणि रुग्णाशी दूरध्वनीवर बोलणारे समन्वयक असतात. औषध बहुधा टपालाने किंवा कुरियरने घरपोच येते.

त्यांच्या कामाच्या पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी, कागद जमवणे. डॉक्टरांची चिठ्ठी येताच औषधालय तपासण्यांचे अहवाल मागवते. रक्तात विषाणू प्रत्यक्ष आहे हे दाखवणारी आरएनए तपासणी, विषाणूचा उपप्रकार, यकृत किती कठीण झाले याचा अंदाज, मूत्रपिंडाचे काम, पूर्वी उपचार झाला होता काय याची नोंद. यांपैकी एक कागद कमी असला तरी विमा कंपनी अर्ज परत पाठवते. अर्ज परत आला की दोन आठवडे गेले. म्हणून अनुभवी औषधालय अर्ज जाण्यापूर्वीच उणीव शोधते आणि दवाखान्याला कळवते.

दुसरी पायरी, विमा तपासणे. रुग्णाचा विमा कोणता, त्या विम्याच्या यादीत कोणते औषध आहे, रुग्णाच्या वाट्याला किती पैसे येतात, हे येथे पाहिले जाते. ही यादी फार महत्त्वाची असते. २०१५ च्या आरंभी एका मोठ्या औषध-व्यवस्थापक कंपनीने ॲबव्ही कंपनीचे औषध स्वीकारून गिलियडचे यादीबाहेर ठेवले, तर दुसरीने नेमके उलट केले. म्हणजे डॉक्टरने लिहिलेले औषध चांगले असूनही केवळ यादीत नाही म्हणून नाकारले जाई. अशा वेळी औषधालय डॉक्टरला कळवते, की अमुक औषध या रुग्णाला चालत असेल तर मंजुरी लवकर मिळेल.

तिसरी पायरी, पूर्वमंजुरी आणि अपील. पूर्वमंजुरीचा अर्ज नाकारला गेला की सामान्य रुग्ण खचतो. ‘नाही’ म्हणजे कायमचे नाही, असे त्याला वाटते. विशेष औषधालयातील माणसाला ठाऊक असते, की पहिला नकार हा शेवटचा शब्द नसतो. नकाराचे कारण वाचायचे, त्याला उत्तर देणारे पत्र तयार करून डॉक्टरांची सही घ्यायची, मुदतीच्या आत अपील करायचे, गरज पडल्यास रुग्णाचे डॉक्टर आणि विमा कंपनीचे डॉक्टर यांचे प्रत्यक्ष बोलणे घडवून आणायचे, आणि तेही फसल्यास बाहेरच्या तटस्थ परीक्षणाची मागणी करायची. ही लढाई औषधाची असली तरी तिची हत्यारे कागदाची आहेत, आणि शिक्षणाचे बळ कशाला म्हणतात ते अशा ठिकाणी समजते.

चौथी पायरी, पैशाची सोय. मंजुरी मिळाली तरी रुग्णाला आपला वाटा भरावा लागतो, आणि तो कधी कधी हजारो डॉलर असतो. खासगी विमा असलेल्यांना औषध कंपनीचे सवलतपत्र वापरता येते. मेडिकेअर व मेडिकेडच्या रुग्णांना कायद्याने ते चालत नाही. त्यांपैकी गरजूंसाठी काही धर्मादाय निधी आहेत. हे निधी पैसे असेपर्यंत उघडे आणि संपले की बंद असतात, म्हणून औषधालयातील कर्मचारी त्यांच्यावर नजर ठेवून असतात आणि निधी उघडताच अर्ज दाखल करतात. ज्यांना विमाच नाही, त्यांच्यासाठी औषध कंपन्यांच्या मोफत औषधाच्या योजना आहेत. २०२५ पासून मेडिकेअरच्या रुग्णाने वर्षभरात औषधांवर भरावयाच्या रकमेला कायद्याने मर्यादा आली. त्या वर्षी ती दोन हजार डॉलर होती. त्यामुळे वृद्धांचा भार काहीसा हलका झाला आहे.

पाचवी पायरी, औषधांचा मेळ पाहणे. ही पायरी केवळ फार्मासिस्टची आहे आणि आमच्या मते सर्वांत मोलाची आहे. रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी, अगदी पित्तावरची साधी गोळीसुद्धा, विचारून नोंदवली जाते. वेल्पाटास्विर व लेडिपास्विर पोटातील आम्ल कमी झाले की नीट शोषले जात नाहीत. म्हणून ओमेप्राझोलसारखी औषधे बंद करावी लागतात किंवा त्यांची वेळ व मात्रा बदलावी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिटांवरील कार्बामाझेपिन व फेनिटॉइन या औषधांमुळे सोफोस्बुव्हिरची रक्तातील मात्रा घसरते आणि उपचार फुकट जातो. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे ॲमिओडॅरोन सोफोस्बुव्हिरच्या उपचाराबरोबर घेतल्यास हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावू शकते, असा इशारा मार्च २०१५ मध्ये दिला गेला. ऑक्टोबर २०१६ मध्ये आणखी एक इशारा आला : ज्याला पूर्वी हिपॅटायटिस बी झाला आहे, त्याचा दबलेला बी विषाणू या उपचारात उसळू शकतो. म्हणून बी ची तपासणी झाल्याशिवाय सी चे औषध सुरू करू नये.

सहावी पायरी, शेवटच्या गोळीपर्यंत सोबत. औषध साधारणपणे अठ्ठावीस दिवसांचे एकदम दिले जाते. ते संपण्याच्या आठवडाभर आधी औषधालयातून फोन येतो : गोळ्या किती उरल्या? एखादी चुकली काय? डोके दुखते काय, थकवा वाटतो काय? पत्ता बदलला काय? उरलेल्या गोळ्यांचा हिशेब विचारण्यामागे संशय नसतो. मध्ये खंड पडला तर विषाणूला पुन्हा डोके वर काढण्याची संधी मिळते, म्हणून ही काळजी. ज्यांना राहते घर नाही, त्यांचे औषध काही ठिकाणी दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवले जाते. उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासणी करायची असते. तेव्हा विषाणू सापडला नाही तरच रुग्ण बरा झाला असे म्हणतात. गोळ्या संपल्या, बरे वाटू लागले, की माणूस या तपासणीला जात नाही. तिची आठवण करून देणे हेही या औषधालयाचे काम आहे.

नाण्याची दुसरी बाजू

येथवर वाचून एखाद्याला वाटेल, की विशेष औषधालय म्हणजे रुग्णाची माउलीच. तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या वतीने औषधांची यादी व दर ठरवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत. त्यांतील तीन सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या मालकसमूहांचीच मोठमोठी विशेष औषधालये आहेत. म्हणजे मंजुरी देणारा, दर ठरवणारा आणि औषध विकणारा एकाच घरातला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जुलै २०२४ च्या अंतरिम अहवालात नमूद केले, की विशेष औषधांच्या विक्रीतील सुमारे दोन तृतीयांश महसूल या तीन समूहांशी संबंधित औषधालयांकडे जातो. पुष्कळ रुग्णांना विमा कंपनी सांगेल त्याच औषधालयातून औषध घ्यावे लागते. जवळच्या रुग्णालयात औषध तयार असले तरी दूरच्या औषधालयातून येणाऱ्या पार्सलची वाट पाहावी लागते.

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. पूर्वमंजुरी, नकार, अपील, सवलतपत्र, निधी यांचे हे जंजाळ निसर्गाने निर्माण केलेले नाही. औषधाची किंमत अवाच्या सवा ठेवली गेली, म्हणून ते निर्माण झाले. किंमत कमी झाली की यातील निम्म्या पायऱ्या गळून पडतात. अमेरिकेतीलच लुइझियाना राज्याने २०१९ मध्ये औषध कंपनीशी करार केला, की ठरावीक रकमेच्या वर पैसे न देता मेडिकेडच्या रुग्णांना व तुरुंगातील बंद्यांना लागेल तेवढे औषध मिळेल. इजिप्तने कंपनीशी घासाघीस करून आणि पुढे देशातच औषध बनवून किंमत खाली आणली, २०१८ पासून कोट्यवधी लोकांची तपासणी केली आणि आढळलेल्या रुग्णांवर मोफत उपचार केले. एके काळी जगात सर्वाधिक हिपॅटायटिस सी असणाऱ्या देशांत गणल्या जाणाऱ्या या देशाचे ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर कौतुक केले.

आपल्याकडे काय आहे

भारताचा या कथेशी दुहेरी संबंध आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना सोफोस्बुव्हिर बनवून ९१ देशांत विकण्याचा परवाना दिला. आपल्या देशात बनलेल्या गोळ्यांनी अनेक गरीब देशांतील रुग्ण बरे झाले. भारतात हे औषध २०१५ मध्ये एका महिन्याला सुमारे वीस हजार रुपयांना मिळू लागले आणि कंपन्यांच्या स्पर्धेमुळे पुढे भाव आणखी उतरला. पंजाबने २०१६ मध्ये मोफत उपचाराची राज्य योजना सुरू केली. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. सिऱ्होसिस नसलेल्या रुग्णाला सर्वसाधारणपणे सोफोस्बुव्हिर आणि डाक्लाटास्विर बारा आठवडे दिले जाते. सिऱ्होसिस असल्यास सोफोस्बुव्हिर व वेल्पाटास्विर दिले जाते. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांतील उपचार केंद्रांत ही सोय असते.

तर मग आपल्याकडे प्रश्न सुटला काय? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. त्यांतील बहुसंख्यांना आपल्याला रोग आहे हेच ठाऊक नाही. किंमतीची भिंत आपल्याकडे बरीच खाली आली आहे. परंतु अज्ञानाची भिंत उभीच आहे. कावीळ म्हटले की अजूनही कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतली जाते, नाकात रस घातला जातो, डाग दिला जातो. ए प्रकारची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. सी प्रकारची आत धुमसत राहते. रोग कळला तरी रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी किती खेपा घालायच्या, हा प्रश्न असतोच. आणि औषध सुरू झाले तरी दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला रुग्ण आला नाही, तर त्याला फोन कोण करणार?

येथेच विशेष औषधालयाचा धडा आपल्या उपयोगी पडतो. त्यांची भरमसाट किंमत आपल्याला नको, त्यांचे विम्याचे जंजाळही नको. परंतु एका रुग्णाची जबाबदारी एका माणसाने पहिल्या कागदापासून शेवटच्या तपासणीपर्यंत घ्यावी, ही पद्धत घेण्यासारखी आहे. तिला मोठे भांडवल लागत नाही. एक वही, एक फोन आणि सातत्य एवढे पुरते.

सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे

ज्यांना पूर्वी, विशेषतः २००० सालाच्या आधी, रक्त चढवले गेले आहे. जे डायलिसिसवर आहेत. ज्या मुलांना थॅलेसेमियासाठी वारंवार रक्त द्यावे लागते. ज्यांना कामावर सुई टोचली गेली आहे, मग ती परिचारिका असो, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ असो की रुग्णालयातील कचरा उचलणारा सफाई कामगार असो. अशांनी एकदा अँटी-एचसीव्ही ही तपासणी करून घ्यावी. ती होकारार्थी आली तर घाबरू नये. ती फक्त पूर्वी लागण झाल्याचे सांगते. रोग आज आहे की नाही, हे आरएनए तपासणीनेच कळते. बरे झालेल्या माणसाची पहिली तपासणी पुढेही होकारार्थीच येत राहते. म्हणून नोकरीच्या वा शस्त्रक्रियेच्या वेळी गैरसमज होऊ नये यासाठी बरे झाल्याचा अहवाल जपून ठेवावा. बरे झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते आणि या रोगावर अजून लस नाही, हेही विसरू नये.

आपल्या वस्तीतील एखादा रुग्ण उपचार केंद्रात जाणार असेल, तर त्याच्याबरोबर एक सुशिक्षित माणूस जावा. जुने कागद एका पिशवीत क्रमाने लावून न्यावेत. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची, काढ्यांची आणि जडीबुटीची यादी डॉक्टरांना दाखवावी. पुढील तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात आणि शेवटची तपासणी चुकू देऊ नये.

डी. फार्म. आणि बी. फार्म.च्या विद्यार्थी मित्रांना आमचे विशेष सांगणे आहे. फार्मासिस्ट म्हणजे काउंटरमागे उभा राहून पट्टी कापून देणारा माणूस, अशी समजूत समाजात रूढ आहे. ती खोटी ठरवणे तुमच्या हाती आहे. पित्ताची गोळी आणि यकृताचे औषध यांचा मेळ बसत नाही, हे ओळखणारा आणि रुग्णाला थांबवून सांगणारा माणूस एका वाक्याने तीन महिन्यांचा उपचार वाचवतो. इतर विद्यार्थ्यांना औषधशास्त्र येत नसेल. पण अर्ज लिहिता येतो, फोन करता येतो, आजीला तारखेची आठवण देता येते. घरात पहिल्यांदा शाळेत गेलेल्या मुलाच्या शिक्षणाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणता?

विषाणू शोधणाऱ्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच झाले. गोळ्यांची डबी घेऊन शेवटच्या घरापर्यंत जाणाऱ्याला कोणतेही पारितोषिक मिळत नाही. परंतु तो गेला नाही, तर नोबेलचे मोल त्या घरापुरते शून्य ठरते. हे काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल. आपल्या सभासदांपैकी काहींनी यंदा एकेका रुग्णाची जबाबदारी पहिल्या तपासणीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत उचलली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.